छत्रीचं झबलं

१

हे सुरू झालं ते भर दुपारी, दीड वाजता. वेळ एवढी पक्की सांगता येते, कारण रेडिओवर दिल्लीहून मराठी बातम्या लागल्या होत्या, आणि बातम्या लागल्या की विजयमाला रेडिओचा कान पिरगाळायची. सेल जपून वापरायला हवेत, असं ती सासूला सांगे. खरं कारण निराळं होतं. नवरा पलटणीत. बातमीत काय येईल याचा भरवसा नाही, आणि न ऐकलेली बातमी खरी नसते असं तिच्या मनानं धरलं होतं.

तर तिनं रेडिओ बंद केला आणि घर शांत झालं. सासू हरणाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती. शेळी परड्यात. चूल विझलेली. माजघरात तुळईला टांगलेल्या झोळीत तान्हा गुंडा न्हाऊन, धुरी घेऊन, पोटभर पिऊन निजला होता. विजयमाला खाली बसून रेशनची तांबडी मिलो ज्वारी निवडत होती.

माजघराला खिडकी नाही. उजेड येतो तो कौलात बसवलेल्या एका काचेतून. त्या काचेखाली उन्हाचा चौकोन जमिनीवर पडतो आणि घरातल्या बायका त्याच्यावरनंच वेळ ओळखतात. सकाळी चौकोन उतरंडीच्या पायाशी, जेवणाच्या वेळेला जात्यावर, आणि जात्यावरनं उतरून उंबऱ्याकडं निघाला की उन्हं कलली.

आधी आवाज आला. दूध उतू जाऊन निखाऱ्यावर पडावं तसा, बारीक, चरचरणारा, न थांबणारा. तिनं चुलीकडं पाहिलं. चुलीत गार राख होती.

मग झोळीची सावली हलली.

झोळी हलत नव्हती. झोका कधीच थांबला होता, दोरी ओळंब्यासारखी सरळ होती. पण झोळीची सावली भिंतीवर या अंगाहून त्या अंगाला गेली आणि परत आली. तिच्यासोबत जात्याची सावली गेली, उतरंडीची गेली, खुंटीवरच्या पिशवीची गेली. कुणी कंदील हातात धरून घरातनं हिंडावं तशा सगळ्या सावल्या एकदमच डोलत होत्या. आणि तो उजेड उन्हाचा नव्हता. उन्हाला पिवळी झाक असते. हा चुन्याच्या निवळीसारखा पांढरा होता आणि वरून खाली येत होता. तो जसजसा खाली आला तसतशा सावल्या लांबत गेल्या, भिंतीवर चढल्या, तुळईला टेकल्या आणि विझल्या. जात्यावर उन्हाचा चौकोन होता तसा होता.

तिनं उठून झोळीत वाकून पाहिलं. गुंडा जागा होता. डोळे सताड उघडे, वर लागलेले. मुठी आवळलेल्या, ओठ मिटलेले. पापणी लवत नव्हती. ती हाक मारणार तोच त्यानं दम सोडला, फार वेळ कोंडून धरलेला माणूस सोडतो तसा, आणि टाहो फोडला.

हमरस्त्यावरनं गेलेल्या ट्रकच्या काचेचा कवडसा असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. सातवी शिकलेली बाई. कवडसा कसा पडतो ते शाळेत शिकवलं होतं. हमरस्ता घराच्या मागच्या अंगाला आणि काचेचं कौल पुढच्या पाख्याला, ही गोष्ट तिनं त्या दिवशी मनात येऊ दिली नाही.

२

गुंडाच्या अंगात जे पांढरं झबलं होतं, त्याची हकिगत आधी सांगायला हवी.

उंब्रजच्या वरच्या अंगाचं ते गाव फौजींचं. घरटी एक माणूस पलटणीत. लढाई सरली आणि विजयमालेचा नवरा जोतिबा रजेवर आला, तेव्हा त्याच्या खाकी पिशवीत पांढऱ्या रेशमी कापडाचे बोळे होते. तो मॉर्टरवर, म्हणजे उखळी तोफेवर असायचा. रात्री मॉर्टरमधनं उजेडाचा गोळा वर डागतात. तो आभाळात फुटतो आणि लहानशा छत्रीला लोंबकळत, जळत जळत सावकाश खाली येतो. तेवढ्या वेळात रानात कोण आहे, कोण नाही, ते पाहून घ्यायचं. गोळा जळून जातो, छत्री पडते कुठंतरी. अशा पाच-सहा छत्र्या त्यानं गोळा करून आणल्या होत्या. सरावाच्या माळावरच्या आहेत, म्हणाला.

"मंग फुडं त्येचं काय करत्यात?" हरणाबाईनं विचारलं.

"काय न्हाई. एकदा डागली की संपली. टाकून द्यायची."

"सरकारच्या घरात सासू न्हाई वाटतं," हरणाबाई म्हणाली.

तिचंही बरोबर होतं. त्या घरात टाकून द्यायचं असं काही नव्हतंच. लुगडं फाटलं की त्याचा धडपा, धडपा विरला की वाकळ, वाकळ विरली की पोतेरं. रेडिओचे सेल संपले तरी उन्हात तापवून पुन्हा घालत. एकदाच वापरून टाकायची वस्तू म्हणजे जेवणावळीची पत्रावळ, आणि दुसरं मयतापुढं धरायचं मडकं. जोतिबा सांगे, तिकडं सगळंच पत्रावळीसारखं. डबा फोडला, खाल्लं, डबा फेकला. जखमेची पट्टी सोडली, फेकली. औषधाची सुई टोचली, फेकली. हरणाबाईनं हसत विचारलं, माणसं बी तशीच का रं? जोतिबा हसला नाही. छत्र्यांच्या दोऱ्या हरणाबाईनं काढून घेऊन शेळीला दावं वळलं, कापड ट्रंकेत गेलं, आणि जोतिबा रजा संपवून गेला.

गुंडा जन्मला तो पुढच्या पौषात, बाप नसताना. त्याच्या आधीचं लेकरू सव्वा महिन्याच्या आत गेलेलं. अशा घरी पुढचं लेकरू आलं की त्याला घरचं कापड घालायचं नसतं. आईनं पदर पसरून पाच घरं हिंडायचं, नांदत्या-सवरत्या बायकांच्या अंगावरचं जुनं मऊ कापड मागायचं आणि त्याचं झबलं शिवायचं. म्हणजे हे लेकरू कुणाचं, ते वाईटाला कळत नाही. हरणाबाईनं तेवढं एकच बजावलं होतं.

विजयमालेला ते जमेना. हवालदाराच्या मुलीनं, सातवी शिकलेल्या सुनेनं, गल्लीत पदर पसरायचा. ती उंबऱ्यापर्यंत जाई आणि माघारी येई. शेवटी एके दुपारी तिनं ट्रंक उघडली. तिनं मनाशी असा हिशेब घातला की जुनं कापड कशाला, तर वापरलेलं हवं म्हणून. हे वापरलेलंच आहे. घरचं नाही, विकतचं नाही, कुणाच्या अंगाचंही नाही. बोळ्यांच्या अगदी तळाशी जी छत्री होती, ती सगळ्यांत पांढरी, बिनडागाची. तिचं तिनं झबलं कापलं. सासूला सांगितलं, कुंडलहून आलं, माहेरच्या थोरल्या चुलतीच्या जुन्या पातळाचं. हरणाबाईनं कापड गालाला लावून पाहिलं आणि म्हणाली, चुलती नशिबाची बाई दिसती.

खोटं बोलताना जीभ अडखळली नव्हती, याचीच विजयमालेला पुढं जास्त लाज वाटली.

३

झबलं चढलं आणि गुंडा शांत झाला. आधी रात्रंदिवस किरकिर करायचा, तो आता दुपारचा तासन् तास हूं की चूं करीना. हरणाबाईनं कामावर जाऊन सांगितलं, आमचं लेकरू लय गुणाचं.

कामावरच्या बायकांना ही गोष्ट कानाआड करण्यासारखी नव्हती. दुष्काळी काम म्हणजे तळपत्या उन्हात बसून खडी फोडायची. तान्ही लेकरं लिंबाच्या झाडाला झोळ्या टांगून ठेवायची. लेकरू रडलं की आईनं हातोडा टाकून धावायचं आणि मुकादमानं बोलायचं. शेजारची अंजना, तिचंही लेकरू गुंडाएवढंच, एका संध्याकाळी आली. इकडचं तिकडचं बोलली आणि म्हणाली, तुझ्या चुलतीच्या पातळाचा तुकडा उरला आसंल तर दे की, माझं कारटं दिवसभर भोंगा लावतंय.

विजयमालेनं दिला. झबल्यातनं उरलेलं आणि बाकीच्या छत्र्यांचं, सगळं एकात एक झालेलं, त्यातनं ओढून दिला. आठवडाभरात अंजनाचं लेकरू दुपारचं गप्प निजू लागलं. मग शमशाद आली. ती बांगड्या भरणारी, गावोगाव फिरणारी. दुष्काळात बांगड्या भरतंय कोण, म्हणून तीही खडीवर यायची. तिची लेक अकिला जतला दिलेली, नुकतीच बाळंत झालेली. शमशादनं कापड बोटांत धरून वर-खाली पाहिलं.

"पोरी, हे पातळ न्हवं," ती म्हणाली. "हजार पातळं पाह्यलीत मी. काठ कुटाय ह्येला?"

"काठ फाटला हुता, भाबी."

शमशाद हसली आणि तुकडा घेऊन गेली. नंतर आणखी बायका आल्या. काही नुसत्या आल्या, काही शेवया घेऊन, काही पदर पुढं करून. विजयमाला कात्री घेऊन बसे आणि कापून देई. ज्या घरांत मागायला जायची तिला लाज वाटली होती, ती घरं तिच्या दारात येत होती. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं.

४

पांढरा उजेड पुन्हा आला. रोज नाही. पण आला की दुपारचाच, घरात ती आणि गुंडा दोघंच असताना.

तिनं शहाण्या माणसानं करावं ते सगळं केलं. कौलाखाली पोतं बांधून काच झाकली. तरी उजेड आला, पोत्याच्या खालून सुरू झाल्यासारखा. चुलीवर पाणी ओतलं, चरचर आली ती आलीच. ओल्या बाळंतिणीच्या डोळ्यांपुढं असं काहीबाही येतं, असं तिनं ऐकलं होतं, म्हणून ती एकदा उजेडाकडं पाठ करून भिंतीला नाक लावून बसली. भिंतीवर तिची स्वतःची सावली होती, आणि ती डोलत होती.

सांगायचं कुणाला? एक लेकरू गेलेली बाई. तिनं असं काही तोंडातनं काढलं की लोक लेकराकडं नाही, तिच्याकडं पाहायला लागतात.

पण गुंडाचं गप्प पडणं वाढत चाललं. पहिल्यांदा उजेड गेला की तो दम सोडायचा. मग उजेड गेल्यावरही थोडा वेळ तसाच राही. मग आणखी थोडा. एकदा त्याच्या गालावर मुंगळा चढला आणि डोळ्याच्या कडेला डसला. लेकरानं पापणी हलवली नाही. तिनं छातीशी धरलं तर तोंड उघडेना. काठीगत लेकरू. त्याचं काळीज मात्र धाडधाड उडत होतं, सशाचं उडतं तसं. तो निजलेला नव्हता. तो भ्यालेला होता आणि हलायचं नाही असं त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन उंब्रजला डॉक्टरकडं गेली. चारचौघांत जायचं म्हणून बाजारातलं छापील अंगरखं घातलं. गुंडा वाटभर रडला, एसटीत रडला, दवाखान्यात त्यानं डॉक्टरच्या चष्म्याला हात घातला. डॉक्टर म्हणाले, लेकरू खणखणीत आहे, तुम्हीच खात-पीत जा. ती खुशीत घरी आली. अंगरखं काढलं, झबलं चढवलं. दुपारी पोरगं काठी झालं.

तेव्हा तिला कळलं. कळलं म्हणजे, तिनं कळू दिलं. तिनं झबलं ओढून काढलं आणि ट्रंकेच्या तळाला घालून वर सतरंज्या रचल्या. त्या दुपारी काही आलं नाही. नंतरच्याही दुपारी नाही. गुंडा पहिल्यासारखा भोकाड पसरू लागला आणि ते ऐकून ती चुलीपुढं बसून हसत-रडत राहिली. अंजनाचं लेकरू, शमशादचा नातू, बाकीची, यांच्याकडं तिचं मन वळत होतं, पण ती वळू देत नव्हती. छत्र्या पाच-सहा होत्या. वाईट असली तर एकच असेल, नि ती माझ्या ट्रंकेत आहे. असं ती म्हणे.

५

जोतिबा येणार असल्याची चिठ्ठी आली आणि हरणाबाईनं घर डोक्यावर घेतलं. बाप लेकराला पहिल्यांदा पाहणार. सून पाण्याला गेलेली पाहून तिनं गुंडाला न्हाऊ घातलं, काजळ-तीट केली आणि सापडेना म्हणून ट्रंक उपसून ते पांढरं झबलं बाहेर काढलं. विजयमाला घागर घेऊन आली तेव्हा लेकरू नटून झोळीत होतं आणि सासू देवळात नारळ द्यायला निघाली होती. आत्ती, ते नको, असं ती म्हणणार होती. का नको, असं सासूनं विचारलं असतं. ती गप्प बसली. सासू गेली की काढू.

सासू गेली. तिनं घागर ठेवली, पदराला हात पुसले आणि झोळीकडं वळली. दारात अंधारल्यासारखं झालं. जोतिबा खांद्यावर ट्रंक घेऊन उभा होता, घामानं निथळत, हसत. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.

"कुटं हाय आमचा सुभेदार?" तो म्हणाला.

आणि चरचर सुरू झाली.

तिनं त्याचं तोंड पाहिलं. हसू होतं तिथंच वाळलं. तो आत आला नाही, बाहेर गेला नाही, ट्रंक खाली ठेवली नाही. त्याच्या गळ्यावरची घामाची धार तेवढी हलत होती. झोळीत लेकरू तसंच. बाप आणि लेक, एकमेकांना अजून पाहिलं नव्हतं, आणि दोघं एकाच रीतीनं दगड झाले होते.

पांढरा उजेड तुळईपासनं खाली येऊ लागला. सावल्या डोलायला लागल्या. जात्याची, उतरंडीची, झोळीची, दारातल्या माणसाची आणि त्याच्या ट्रंकेची. विजयमालेलाही हलता येईना. नजर तेवढी फिरत होती, म्हणून तिला दिसलं.

खुंट्यांच्या खाली, जिथं काही नव्हतं, तिथं एक सावली जास्तीची होती. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, मांडीवर वाकलेली. मांडीवर काहीतरी लहान. घरातल्या सगळ्या सावल्या उजेडासोबत हेलकावे खात होत्या. ती एक हलत नव्हती. उजेड खाली, आणखी खाली आला, आणि तिचा हात कुठं होता ते दिसलं. मांडीवरच्या लहानग्याच्या तोंडावर, घट्ट.

मग उजेड विझला. ट्रंक जोतिबाच्या खांद्यावरनं निसटून उंबऱ्यावर आपटली.

६

तो बोलला ते परड्यात, शेळीपाशी बसून, तिच्याकडं पाठ करून. तिनं झबलं काढून झाडाखाली ठेवलं होतं. त्यानं त्याला हात लावला नाही.

"कुटली छत्री काढलीस?"

"तळाची. पांढरी हुती म्हनून."

"ती मी येगळी, तळाला दडपून ठेवली हुती." त्यानं शेळीचं दावं बाजूला सारलं. "उजेड पडला की हालायचं न्हाई. हालला त्यो दिसतो. आमाला घोटून घोटून शिकवत्यात तवा जमतं. तिला कुनी शिकवलं न्हवतं."

"कुनाला?"

"बाई हुती. पदरात लेकरू. बांधाच्या कडंला बसल्याली. एक गोळा इझला की आमी दुसरा डागत हुतो, रातभर. ती जरा बी हालली न्हाई. आमी म्हनलं, दगुड हाय. सकाळी जाऊन पाह्यलं तवा दोघं बी गार पडल्याली."

तिनं विचारलं.

"छत्री कुटं पडली हुती?"

"त्येंच्यावरच. डोस्क्यापासनं, दोघांच्या. कुनी पांघरून घातल्यागत."

"आन् तुमी काढली."

तो बोटानं माती उकरत राहिला. "टाकून द्यायचीच वस्तू हुती. हात सवयीनं गेला."

मागच्या दारात हरणाबाई उभी होती, हातात देवळातला नारळाचा प्रसाद. केव्हापासून, ते कळलं नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लंस की रं, असं ती अगदी हळू म्हणाली. मग सुनेकडं वळून म्हणाली, "कुंडलची चुलती न्हवं?" विजयमालेनं मान खाली घातली. हरणाबाई आत गेली. तिनं शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

जोतिबानं बायकोला एवढंच विनवलं की ही गोष्ट घरातच राहू दे. आपल्या लेकराच्या अंगावरचं निघालं, आता गप बसू. नाहीतर गाव तोंडात शेण घालंल, आणि ज्या ज्या घरात फौजी आहे त्या घरातले मला दारात उभं करणार नाहीत. तो कधी विनवणारा माणूस नव्हता. तिनं मान डोलावली.

मग संध्याकाळी अंजना ताक मागायला आली आणि दारात उभ्या उभ्या हसून म्हणाली, माझं बेणं एवढं गुणाचं झालंय बाई, कालधरनं दूध बी मागत न्हाई.

७

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीच्या वेळेला विजयमाला गुंडाला कडेवर घेऊन खडीच्या कामावर गेली. जोतिबाला सांगून गेली. तो ओट्यावर बसला होता. नको म्हणाला नाही, जा असंही नाही.

लिंबाखाली बायका भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. फांद्यांना झोळ्या टांगलेल्या. ती कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली. एवढ्या झोळ्या, आणि एकही लेकरू रडत नव्हतं. वारा नव्हता. झाडाखाली भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू येत होता. बायकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांना दम खायला मिळत होता.

हरणाबाईनं सुनेला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

विजयमालेनं सांगितलं. आधी कापड कुठलं ते, मग कुणाच्या अंगावरचं ते. स्वतः सासूशी काय खोटं बोलली तेही. नवऱ्याचं नावही तिनं घेतलं. एक म्हातारी म्हणाली, शिकल्याली हाय न्हवं, मंग आक्कल कुटं गहान ठेवलीस? दुसरी म्हणाली, स्वतःचं लेकरू वाचवलं तवा आठवलं व्हय आमचं?

अंजना उठली, झोळीशी गेली आणि लेकरू बाहेर काढलं. ते डोळे उघडे ठेवून वर पाहत होतं. तिनं त्याच्या अंगातलं पांढरं कापड दातानं फाडून काढलं, लेकराला उलटं घेतलं, पाठीवर थापटलं, हाका मारल्या. सगळ्या बायका उभ्या राहिल्या. कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर होता ते कुणाला ठाऊक नव्हतं. मग लेकरानं दम सोडला. रडलं ते इतकं बारीक, की पहिल्यांदा कुणाला ऐकूच आलं नाही.

झोळ्यांकडं एकच धावपळ झाली.

शमशाद तिथंच उभी राहिली. तिची झोळी इथं नव्हती, जतला होती. "ती बाई कोन हुती?" तिनं विचारलं. "आमच्यातली का तुमच्यातली?"

"त्येंला ठावं न्हाई, भाबी."

कापडाचा ढीग साठत होता. जाळायचं की काय करायचं, यावर बायकांचं एकमत होईना. शमशाद खाली बसली, तिनं एक तुकडा उचलला, मांडीवर घेऊन त्याची नीट घडी घातली. "बाईचं न्हाई कळत, पन लेकराचं कळतंय," ती म्हणाली. "तान्हं लेकरू तुमी बी पुरताय, आमी बी पुरतो. लेकराच्या हिशेबानं पुरा. माय संगंच जाईल."

तसं केलं. ओढ्याकाठी, गावची तान्ही लेकरं पुरतात तिथं, हरणाबाईनं स्वतःच्या हातानं खड्डा उकरला. तिनं सुनेकडं पाहिलं नाही, पण झबलं मात्र तिच्याच हातातनं घेतलं. सगळे तुकडे जुळवले तरी सगळं कापड भरेना. उंब्रजच्या बाजारात दोघींनी ओळखीच्या बायकांना दिलं होतं. कुंडलला कुणाच्या तरी माहेरी गेलं होतं. जतला शमशादनं नेलं होतं, आणि अकिलानं तिथं आणखी कुणाकुणाला फाडून दिलं ते तिलाही सांगता येईना. खड्डा तसाच उघडा ठेवून बायका उभ्या राहिल्या. विजयमालेनं पदर पुढं केला.

"आयांनो, मी दिलं म्हनून तुमी न्हेलं, दोष माजा. ज्येच्याकडं ज्येच्याकडं ते बिनकाठाचं पांढरं कापड हाय, त्येंनी ते धुऊ नका, जाळू नका, वाकळंत घालू नका. इथं आनून द्या. न्हाई जमलं तर आपल्या गावात, लेकरं पुरत्यात तिथं पुरा. भाबी, तुमी उद्याच जतच्या गाडीनं जावा. आन् बाकीच्यांनी बाजारात, पान्यावर, माह्यारी, जिथं जाल तिथं कान उघडं ठेवा. कुटल्या आईनं म्हनलं की माजं लेकरू लय गुनाचं हाय, दुपारचं रडतच न्हाई, तर तिला आधी लेकराचं झबलं काढाया सांगा. मंग माजं नाव सांगा, शिव्या देऊ द्या. पन आधी तेवढं सांगा."